बेचाळीस घरं, तीन बोरिंग आणि एक मोठा खड्डा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या पश्चिम भागातली ४२ घरांची कॉलनी, बहुतेक प्लॉट ३० बाय ५०चे, मधोमध एक बगीचा. कॉलनीची तीन बोरिंग. एक कसंबसं मार्चपर्यंत चालतं, दोन कोरडी पडली आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. एका ठेकेदाराने सुचवलंय की सगळ्या छतांचं पावसाचं पाणी पाइपांनी बगीच्यात आणावं आणि तिथे १० बाय १० बाय १० फुटांच्या एकाच खड्ड्यात सोडावं. कॉलनीच्या सचिव ताई विचारतात: हे करावं का? केलं तर पुढच्या मे महिन्यात बोरिंगला पाणी राहील का? आणि ते पिता येईल का?

ताई, खड्डा नको. आधी एक टँकर बोलवा. तो कशासाठी, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी इंदूरचाच. तीस वर्षं भूजलाच्या कामात गेली. पहिली दहा वर्षं लोकांची बोरिंग मारून देण्यात, पुढची वीस तीच बोरिंग आटली म्हणून त्यांची तक्रार ऐकण्यात. तुमच्या ठेकेदाराने दाखवलं असेल ते चित्र माझ्या ओळखीचं आहे. खड्ड्याखाली निळे बाण, बाणांच्या खाली निळंशार पाणी, जणू घराखाली बिलावलीचा तलाव आहे. माळव्यात जमिनीखाली असला तलाव नसतो.

आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. हा पत्थर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. प्रत्येक थराचा माथा बुडबुड्यांचा, सच्छिद्र. पोट निबर, तिथे थेंब शिरत नाही. दोन थरांच्या सांध्यात कुठे कुठे लाल मातीची पट्टी. पाणी राहतं ते मुरमात, सच्छिद्र माथ्यात आणि भेगांमध्ये. म्हणून तर शेजाऱ्याला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि तुमच्याकडे चारशे फुटांवरही नुसती धूळ उडते. लोक ते नशिबावर आणि हातावर नारळ ठेवून पाणी शोधणाऱ्या नारळवाल्यावर घालतात. खरं तर भेग तुमच्या बोरिंगला कापून गेली की चार फूट बाजूने गेली, एवढाच फरक असतो.

आता काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढी तहानलेली जमीन! पण दोन पाऊस झाले की ती फुगते, भेगा मिटतात आणि तिची जवळजवळ कुंडी होते. शेतकऱ्याला हे सोयीचं, कारण ओल धरून राहते. तुमच्या खड्ड्याला मात्र हे जीवघेणं. भिजलेल्या काळ्या मातीत तासाला पाच मिलिमीटर पाणी मुरलं तरी पुष्कळ समजा.

आता ठेकेदाराच्या खड्ड्याचा हिशेब करू. १० बाय १० बाय १० म्हणजे १,००० घनफूट, साधारण २८,३०० लिटर. पण त्यात तो बोल्डर आणि गिट्टी भरणार, म्हणजे पाण्याला जागा उरली ४० टक्के, सुमारे ११,००० लिटर. बगीच्यात काळी माती दहा फूट खोल असेल (इंदुरात पुष्कळ ठिकाणी असते), तर तळ आणि चारी भिंती धरून हा खड्डा तासाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर पिईल. एकदा भरला की रिकामा व्हायला दोन दिवस. आता येणारं पाणी बघा. आपण इंदूरवाले पाऊस इंचात मोजतो, तेच धरू. १,००० चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की २,३६० लिटर पाणी पडतं. थोडं उडून, थोडं शोषून जातं, म्हणून ८० टक्के हाती लागतं असं धरा. ४२ छतांचं मिळून झालं जवळजवळ ७९,००० लिटर. एका इंचात खड्डा सात वेळा भरायला हवा, आणि तो एकदा रिकामा व्हायला दोन दिवस घेतो. जुलैत एका रात्रीत दोन-तीन इंच पडतात. उरलेलं पाणी बगीच्यात, बगीच्यातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून ज्याचं घर सखल त्याच्या पोर्चमध्ये. पाइपांचा खर्च वेगळाच.

खड्डा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. मुरूम पाच फुटांवर लागला असेल आणि खड्डा मुरमात उतरला असेल तर तो उत्तम काम करतो. पण ते खणून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि ठेकेदाराने खणून बघितलेलं नाही हे तुमच्या प्रश्नावरूनच दिसतंय. त्याने मोजमाप बगीच्याच्या रिकाम्या जागेवरून घेतलंय.

मग पाणी कुठे सोडायचं? तुमच्या कोरड्या बोरिंगमध्ये. मात्र सगळी कोरडी बोरिंग सारखी नसतात. काही मारली त्या दिवसापासूनच कोरडी असतात. ती निबर दगडात गेलेली, त्यांच्यात पाणी ओतणं म्हणजे बाटलीत ओतणं. काही दहा-पंधरा वर्षं पाणी देऊन मग आटली, ही खरी कामाची. त्यांना भेगा आहेत, भेगा रिकाम्या झाल्यात, आणि जिथून पाणी आलं तिथून ते परत जाऊही शकतं. तिसऱ्या प्रकारात गाळ भरलेला किंवा आतून ढासळलेलं असतं. कॉम्प्रेसरने फ्लशिंग करून काही वाचतात. कॉलनीतल्या सर्वात जुन्या रहिवाशाला गाठा आणि विचारा, बोरिंग मारलं तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं होतं, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घातलेला पाइप) किती टाकलं, लाल माती कुठे निघाली. हे आकडे बहुधा कुणाच्या तरी जुन्या डायरीत किंवा लग्नाच्या अल्बमच्या मागे सापडतात. मी चेष्टा करत नाही, एकदा खरंच अल्बममध्ये सापडले होते.

आणि मग टँकर. ही चाचणी मी सगळ्यांना करायला लावतो. कुठल्याही सर्वेक्षणाच्या मशीनपेक्षा ती स्वस्त आणि जास्त खरी. बोरिंगमधली मोटर आणि पाइप काढून घ्या. दोरीला वजन बांधून आत पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. साडेसहा इंची बोरिंगमध्ये एका फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं, लक्षात ठेवायला सोपं. म्हणजे ३०० फूट कोरडं बोरिंग नुसतं काठोकाठ भरायलाच सुमारे २,००० लिटर लागतात. इथे भलेभले फसतात. टँकरचं पाणी सुरू केलं, पाणी धडाधड आत गेलं, सगळे टाळ्या वाजवतात, ‘बघा, जमीन पितेय!’ जमीन काहीच पीत नाही, नळी भरतेय. खरी चाचणी नळी भरल्यानंतर सुरू होते. पाणी तोंडापर्यंत आलं की टँकर थांबवा, घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत पातळी किती खाली गेली ते मोजा. ८० फूट गेली, तर ५२० लिटर, म्हणजे तासाला तीन हजारांच्या आसपास. हे उत्तम बोरिंग. ४० फूट गेली तरी चालेल. दहा मिनिटांत १२-१३ फुटांहून कमी उतरलं, तर त्या बोरिंगचा नाद सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक टँकर ओता. पहिल्या दिवशी भरभर पिणारं बोरिंग दुसऱ्या दिवशी सुस्तावलं, तर आतली भेग छोटी आणि बंद आहे. ते कोठार नाही, कोनाडा आहे.

टँकर कुठून आलाय ते मात्र आधी विचारा. २०२१ साली इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं. सांडपाणी शुद्ध करून बगीच्यांना आणि बांधकामांना देणारे टँकर आता शहरभर फिरतात. झाडांना ते ठीक आहे. बोरिंगमध्ये त्यातला एक थेंबही जाता कामा नये.

समजा तुमचं एक बोरिंग तासाला तीन हजार लिटर पितं. पाच छतं जोडली आणि तासाभरात एक इंच पडला, तर साडेनऊ हजार लिटर येणार. साडेसहा हजारांना थांबायला जागा हवी. म्हणून बोरिंगच्या आधी साडेसहा-सात हजार लिटरचा एक हौद लागतो. हाच हौद गाळ खाली बसवण्याचंही काम करतो. पाणी त्यात एका बाजूने शिरावं, दुसऱ्या बाजूने वरून निघावं, आणि त्याहून थोडं वर ओव्हरफ्लोचं तोंड असावं, ते सरळ बरसाती नाल्यात. ओव्हरफ्लो कागदावर सगळे दाखवतात आणि बांधताना विसरतात.

म्हणजे एका बोरिंगला पाच, फार तर सहा घरं. दोन बोरिंगला बारा. उरलेल्या तीस घरांचं काय? हे तुमच्या कॉलनीतच विचारा. इंदुरात ज्या कॉलन्या तीस-चाळीस वर्षं जुन्या आहेत, तिथे घराघरात बोरिंग आहे आणि त्यातली निम्मी मेलेली आहेत. पार्किंगच्या फरशीखाली, तुळशीच्या मागे, जिन्याखाली. एक वही घेऊन घरोघर फिरा आणि बंद बोरिंगची यादी करा. टँकरच्या चाचणीत पास झालेल्या प्रत्येक बंद बोरिंगभोवती चार-पाच घरांचा गट करा. गल्लीचं पाणी गल्लीतच जिरेल, पाइप कमी लागेल, आणि एक बिघडलं तर बाकी सगळं बंद पडणार नाही. कॉलनीची योजना म्हणून मी याला हो म्हणेन. एका मोठ्या खड्ड्याला म्हणणार नाही, कारण जे सगळ्यांचं असतं ते साफ कुणीच करत नाही.

इथे माणसांचा प्रश्न येतो आणि तो दगडाहून निबर असतो. ज्यांच्या आवारात बंद बोरिंग आहे ते काका म्हणतील, ‘माझ्या बोरिंगमध्ये दुसऱ्यांच्या छतावरची कबुतरांची घाण का?’ दुसरी शंका ते बोलून दाखवत नाहीत, पण मनात असते: पाणी माझ्याकडे मुरणार आणि मोटर शेजाऱ्याची चालणार! दोन्ही शंका बरोबर आहेत. पाणी भेगेने जातं, त्याला कंपाउंडची भिंत दिसत नाही. मी अशा वेळी बैठकीत एवढंच सांगतो की चालू बोरिंग ज्यांचं आहे त्यांनी गटाचा खर्च जास्त उचलावा आणि ज्यांच्या आवारात पाणी सोडायचं त्यांनी एक पैसाही देऊ नये. बैठक रविवारी सकाळी पोहे-जिलेबीवर ठेवा, संध्याकाळी नको. संध्याकाळी लोक भांडायच्या मूडमध्ये असतात.

आता गाळणी. आपल्या शेजारच्या देवासचं नाव या गाळणीला पडलंय, देवास फिल्टर म्हणून. १९९०मध्ये देवासला रेल्वेने पाणी पोचवायची वेळ आली होती. त्या गावाने पाण्याची किंमत आपल्याआधी ओळखली, त्यात नवल नाही. फिल्टर अगदी साधा. चार फूट लांब, सहा इंची पीव्हीसीचा पाइप, आत जाळ्या लावून तीन कप्पे, तिन्हींत वेगवेगळ्या मापाचे गोटे. सर्वात बारीक २ ते ६ मिलिमीटर, मग ६ ते १२, मग १२ ते २०. आपल्या एवढ्या छताला एक पुरतो. काही जण त्यात बारीक वाळू आणि कोळसा घालायचा आग्रह धरतात. पाणी जास्त स्वच्छ होतं, हे खरं. पण मोठ्या सरीत तो तुंबतो, पाणी छतावर साचतं, आणि मग एक वैतागलेला गृहस्थ भर पावसात वर जाऊन फिल्टरचं झाकणच काढून टाकतो.

हे मी पाहिलेलं आहे, आणि चूक माझी होती. वीस वर्षांपूर्वी एका छोट्या कॉलनीचं काम केलं. मोठ्या हौसेने वाळूचा फिल्टर बसवला. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी मी फिरकलो नाही आणि गोटे कुणी धुतले नाहीत. तिसऱ्या जुलैत फिल्टर तुंबला, तळमजल्याच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी आलं, आणि कुणीतरी पाइप कापून थेट बोरिंगला जोडून दिला. छतावर त्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंगचा पापुद्रा सुटला होता. तो, पिसं, कबुतरांची विष्ठा आणि दिवाळीच्या रंगकामाचा खरवडलेला चुना, सगळं आत गेलं. बोरिंगच्या भेगा कायमच्या बुजल्या. चांगलं पिणारं बोरिंग होतं. एकदा भेगेत गाळ बसला की तो काढायचा उपाय जवळजवळ नाही. तेव्हापासून वाळू मी बंद केली. थोडं कमी गाळणारा पण न तुंबणारा फिल्टर आणि पुढे गाळ बसायला हौद, ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते.

पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊच नका. आपल्या छतांवर वर्षभर काय काय होतं ते आठवा. रंगपंचमीचा रंग, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या पापड-कुरडयांचं पीठ, पाखरांना टाकलेली ज्वारी, कूलरचं कुजकं गवत. मृग लागायच्या आत छत झाडून धुवा, गोटे काढून धुवा. उतरणाऱ्या पाइपला खाली टी (तीन तोंडांचा जोड) लावून घ्या. मोसमातले पहिले दोन पाऊस त्यातून नालीत जाऊ द्या, मग बूच लावा. दुसरी सफाई राखीच्या सुट्टीत, कारण तोवर अर्धा पाऊस पडून गेलेला असतो आणि घरात पोरं हाताशी असतात. प्रत्येक गटात एकाकडे हे काम नावानिशी द्या, आणि वही ठेवा: तारीख, कोणी धुतलं, किती गाळ निघाला. वही दिसेल अशी टांगा. लाज हा फार स्वस्त पहारेकरी आहे.

बोरिंगमध्ये पाणी सोडताना पाइप आत खोलवर, जिथे पाणी उभं राहतं त्या पातळीच्या खाली नेऊन सोडा. वरून धबाबा पडू दिलं तर पाण्याबरोबर हवा जाते, भेगांत अडकते आणि बोरिंग पिणं बंद करतं. हवा बाहेर यायला एक बारीक नळी ठेवा. तोंडाला कुलुपाचं झाकण हवंच. उघडी बोरिंग आणि लहान मुलं यांच्या बातम्या आपण वाचतोच. सुप्रीम कोर्टाने २०१० साली त्याबद्दल नियम घालून दिलेत, ते बंद बोरिंगलाही लागू आहेत.

जे बोरिंग अजून चालू आहे, तुमचं ते मार्चवालं, त्याला हात लावू नका. तिथे छताचं पाणी थेट सोडायचं नाही. आजूबाजूच्या बंद बोरिंगमध्ये मुरलेलं पाणी भेगांतून येऊ द्या, वाटेत ते आणखी गाळलं जातं. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची लाइन पन्नास फुटांच्या आत असेल तर त्या बोरिंगमध्ये पाणी सोडू नका. काळ्या पत्थराच्या भेगा मातीसारख्या गाळत नाहीत, जे आत गेलं ते चालत जातं.

रस्त्यावरचं पाणी बोरिंगमध्ये कधीही नाही. त्यात ऑइल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण. ते बगीच्यात घ्या, उथळ चर काढून, आणि तिथे मुरूम लागत असेल तर हवा तेवढा खड्डा करा. ठेकेदाराची हौस तिथे भागवू शकता.

कॉलनीत किंवा शेजारी जुनी विहीर असेल तर मात्र मला पुन्हा विचारा, कारण मग सगळा बेत बदलतो. बोरिंग फार तर सात-आठ इंच रुंद, विहीर पंधरा-वीस फूट. मुरमातली जुनी विहीर जेवढं पाणी पिते तेवढं दहा बोरिंग मिळून पिणार नाहीत, आणि त्यात काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. इंदुरात अशा विहिरी आणि बावड्या शेकड्यांनी होत्या. निर्माल्य टाकून, मलबा भरून आपणच त्या बुजवल्या, कुठे वर स्लॅब टाकून जागा वापरली. ३० मार्च २०२३ला रामनवमीच्या दिवशी पटेल नगरात बावडीवरचा असाच स्लॅब खचून ३६ माणसं गेली. विहीर साफ करायला माणूस आत उतरवण्याआधी आतली हवा तपासा, कठड्याचं बांधकाम जाणत्याकडून बघून घ्या, आणि वर जाळी लावा, स्लॅब नको.

आता मे महिन्याचा प्रश्न. ठेकेदाराने ‘वर्षभर पाणी’ म्हटलं असेल. हिशेब असा. इंदूरला सरासरी ३७ इंच पाऊस धरा. एका छताचे ७०,००० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर चौदा. ४२ घरांचे २९ लाख लिटर. पहिले पाऊस सोडले, मोठ्या सरीतलं ओव्हरफ्लो गेलं, एखादं बोरिंग सुस्तावलं, तर खरे १८ लाख धरा. घरात पाच माणसं, माणशी सरकारी मापाने दिवसाला १३५ लिटर. कॉलनीचा खर्च दिवसाला २८,३५० लिटर. भागाकार केला की ६३ दिवस येतात. दोन महिने. नर्मदा एक दिवसाआड चालू आहे म्हणून बोरिंगचा वापर निम्माच धरला, तर चार महिने. हे सगळं पाणी तुमच्यापाशी थांबणार नाही, काही पुढच्या कॉलनीत जाईल. त्या कॉलनीने केलं तर त्यांचं तुमच्याकडे येईल. मार्चला आटणारं बोरिंग एप्रिलच्या शेवटापर्यंत गेलं तर मी ते यश समजेन, आणि ते पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

फरक पडतोय का हे कळायला पाण्याची पातळी महिन्यातून एकदा मोजा, दर वेळी दिवसाच्या त्याच वेळेला, मोटर किमान आठ तास बंद ठेवून. शिवाय टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, छोटं मीटर घ्या. छतावरच्या पावसाचं टीडीएस पन्नासच्या आत असतं, आपल्या बोरिंगचं कित्येक शे. सप्टेंबरमध्ये चालू बोरिंगचा आकडा जूनपेक्षा उतरलेला दिसला, तर पावसाचं पाणी भेगेने तिथवर पोचलं. कॉलनीच्या बैठकीत लोकांना हा एक आकडा माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पटतो.

पिण्याबद्दल: नाही. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नसतं. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. बोरिंगचं पाणी धुण्या-भांड्याला, कूलरला, झाडांना वापरा. प्यायला नर्मदा आहे. ती १९७८पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, अख्खा विंध्य चढून आपल्या नळाला येते, आणि आपण तिनेच अंगण धुतो. अंगणाचं काम बोरिंगवर टाका, तेवढी नर्मदा वाचते. तरीही एखाद्या घरात बोरिंगचं पाणी पीत असतील तर पावसाळ्यानंतर एकदा प्रयोगशाळेतून कोलिफॉर्म (घाण पाण्यात मिसळल्याची खूण असलेले जंतू) तपासून घ्या.

नियमांबद्दल एक ओळ. मध्य प्रदेशात १४० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकामाला छताचं पाणी मुरवण्याची सोय बंधनकारक आहे. तुमचा ३० बाय ५०चा प्लॉट भरतो १३९.३५ चौरस मीटर. कायद्याच्या उंबरठ्याबाहेर अर्धं पाऊल! त्यामुळे या नियमाने तुमच्यावर सक्ती नाही, आणि या नियमाखाली सोय केली का हे विचारायलाही कुणी येणार नाही. वही त्यासाठीच टांगायला सांगितली.

आज एवढंच करा. दोन्ही कोरड्या बोरिंगची जुनी माहिती काढा आणि टँकरची चाचणी मेच्या आधी उरका. मे महिन्यात टँकरभर पाणी जमिनीत ओतताना कुणी पाहिलं तर कॉलनीत तुमचं काही खरं नाही. मग मला चार आकडे पाठवा: बोरिंगची खोली, केसिंग किती फूट, सुरुवातीला पाणी किती फुटांवर होतं, आणि भरल्यानंतर दहा मिनिटांत किती फूट उतरलं. दुसऱ्या दिवशीचे आकडेही त्याखालीच लिहा. त्यावरून किती छतं जोडायची आणि हौद केवढा बांधायचा ते सांगतो. तोवर ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नका.